कपाटांपलीकडचा तास

गुरुवारी मधल्या सुट्टीत तुम्ही पाणी मागितलंत. शिपाई पाणी घेऊन आला तेव्हा तुम्ही टेबलावर डोकं ठेवलं होतं. तुम्हाला घेऊन गाडी रत्नागिरीला पोचली. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन मुख्याध्यापकांना सांगितलं. मुख्याध्यापकांनी मला फोन केला. म्हणाले, "बाई गेल्या."

मी फोन ठेवला आणि दहावीच्या तासावर गेलो. काय शिकवलं ते आठवत नाही. मुलांना बहुधा कळलं असावं, कारण कुणी मान वर केली नाही.

सुजाताबाई, आपण इतकी वर्षं एका शाळेत काढली, पण मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. गरजच पडली नाही. तुमची प्रयोगशाळा आणि माझं ग्रंथालय ही मुळात एकच लांब खोली. मध्ये भिंत घालायला संस्थेकडे कधी पैसे झाले नाहीत, म्हणून पुस्तकांची कपाटं आडवी लावलेली. तुमच्याकडून स्पिरिटचा वास माझ्याकडे यायचा, माझ्याकडून जुन्या कागदाचा तुमच्याकडे जात असेल. बोलायचं असलं की तुम्ही लाकडी पट्टी कपाटाच्या पाठीवर वाजवायचात. "सर, आहात का?" मराठी शिकवणारा आणि ग्रंथालय सांभाळणारा माणूस दुसरा जाणार कुठे? पण तुम्ही विचारायचात, आणि मी पुस्तकात बोट ठेवून "आहे" म्हणायचो. मग वाद सुरू व्हायचा.

शोकसभेत सगळे म्हणाले, बाई फार मनमिळाऊ होत्या. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तुम्ही मनमिळाऊ नव्हता. खडूंवरून भांडलात, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीवरून संस्थेशी दोन पावसाळे भांडलात, आणि सगळ्यांत जास्त माझ्याशी. पण शोकसभेत असं म्हणता येत नाही. मला तर काहीच म्हणता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आपला वाद एकच होता. वाढत्या वयाच्या मुलांना शाळेने शरीराबद्दल, स्त्री-पुरुष संबंधाबद्दल किती सांगावं. मी म्हणायचो, संयम शिकवावा, तेवढं पुरे. थांबायला शिकवावं, दुसऱ्याचा मान ठेवायला शिकवावं. बाकीचं ज्ञान वय आपोआप देतं. तुम्ही म्हणायचात, "वय नाही देत, सर. मोबाइल देतो." मी म्हणायचो, माहिती देणं म्हणजे एक प्रकारे परवानगी देणं. तुम्ही विचारायचात, "संयम शिकवा ना. पण कशाचा संयम, ते तरी सांगाल की नाही?"

एकदा डबा खाताना तुम्ही जयगडच्या खाडीचं उदाहरण दिलंत. "खाडीकाठच्या पोराला पोहायला शिकवतात. म्हणून ते उड्या मारत सुटतं का? खाडी दारात आहेच, म्हणून शिकवतात." मला उत्तर सुचलं याचा मला फार आनंद झाला होता. मी म्हटलं, "पोहायला शिकवायच्या आधी ओहोटीला पाण्यात जाऊ नको हे शिकवतात." तुम्ही भाकरीचा घास हातात धरून थोडा विचार केलात आणि म्हणालात, "बरोबर. म्हणजे ओहोटी काय असते ते सांगायलाच लागतं." आणि घास खाल्लात.

तो वाद मी हरलो असं मला आजही वाटत नाही. पण उत्तर सुचलेलं नाही.

तुम्ही यायच्या आधी आपल्या शाळेची रीत ठरलेली होती. विज्ञानात पुनरुत्पादनाचा धडा आला की तुमच्या आधीचे सर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "हा भाग घरी वाचून या." जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांत हेच चालायचं, अजूनही चालत असेल. पुस्तकातला बाकी एकही भाग मुलं घरी वाचत नसत. हा मात्र सगळे वाचत, आणि चुकीचं समजून घेऊन येत.

तुम्ही पहिल्याच वर्षी तो धडा वर्गात शिकवलात. मुलं-मुली एकत्र बसवून, सरळ, पचनसंस्था शिकवावी तसा. मग मधल्या सुट्टीत मुली प्रयोगशाळेत येऊन बसू लागल्या. तुम्ही त्यांच्याशी बोलत असायचात, दार उघडं ठेवून. कुणीतरी घरी सांगितलं, घरच्यांनी वाडीत सांगितलं, आणि तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत आली. तुम्ही लगेच म्हणालात, चोरून नको, नववीला शनिवारी रीतसर तास द्या. मुख्याध्यापक घाबरले. पालकसभा घेऊ म्हणाले. आणि पालकसभा आपल्याकडे कधी होते? बाप मुंबईला, गावात आया आणि म्हातारे. म्हणून सभा लागली शिमग्यात, चाकरमानी आल्यावर.

ती सभा तुम्हाला नंतरही हसवायची. वर्गातली बाकं बाहेर मांडलेली, पुढच्या रांगेत मुंबईचे शर्ट. विलास उभा राहिला. तेव्हा तो मुंबईला कुरिअरच्या ऑफिसात होता. हात जोडून बोलला, पण आवाज चढलेला.

"बाई, सॉरी हां, राग मानू नका. पण पोरींच्या समोर असले शब्द? ही शाळा हाय का काय हाय? आमच्या घरात असलं कोण बोलत नाय."

तुम्ही बोलायला उठलात, त्याआधी मागून आवाज आला. तात्या गावकरांची बायको, आम्ही सगळे काकी म्हणतो ती, पदर खोचून उभी होती.

"इलास, काल होळीभवती पुडं कोन व्हता रं? तुजाच पोरगा ना?"

"त्याचं काय हितं, काकी?"

"न्हाय, काय बोंबलत व्हता ता हितं सांगू काय? तुजा घरात कोन बोलत न्हाय म्हंतोस, मंग पोरगा शिकला खंय?"

माणसं तोंडं लपवून हसली. विलास बसला. शिमग्याला होळीभोवती जे ओरडलं जातं ते आपल्याकडे कुणाला नवीन नाही. वर्षातून एकदा सगळा गाव तो विषय टिपेच्या आवाजात बोलतो आणि उरलेलं वर्ष तो नसल्यासारखा वागतो. तुम्ही सभेत तेवढंच म्हणालात. "जे शब्द तिथे शिवी म्हणून चालतात, ते इथे अवयवांची नावं म्हणून चालू द्या."

तरी सभा तशीच उठली. मुख्याध्यापक म्हणाले, "पाहू." शाळेतलं "पाहू" म्हणजे काय ते आपल्याला माहीत होतं. त्या संध्याकाळी तुम्ही कपाटावर पट्टी वाजवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी देवाची पालखी शाळेत आली. घरोघर फिरताना ती दर वर्षी शाळेच्या अंगणातही येते. नाचवून झाली, टेकवली, आणि तात्या गाऱ्हाणं घालायला पुढे झाले. तेच मानकरी, तेच दर वर्षी घालतात. दर वर्षी तेच असतं, मुलं शिकू देत, परीक्षेत पास होऊ देत. मी तुमच्या शेजारी उभा होतो. तुम्ही लांबून बघत होता, विज्ञानाच्या माणसाने बघावं तसं, हात मागे बांधून.

"बा देवा म्हाराजा," तात्यांनी सुरू केलं, "आज तुजी पालखी शाळंच्या अंगनात आली हाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ही जी काय पोरां हितं शिकत्यात, त्यांना बुद्दी दे."

"व्हय म्हाराजा."

"बोर्डाच्या परीक्षंत पास कर."

"व्हय म्हाराजा."

"आनि ह्या इज्ञानाच्या बाय पोरांसाठी जो काय शनवारचा तास घेवाचा म्हंतायत, तो त्यांच्या हातना नीट पार पाड. पोरां शानी होव देत, कोन त्यांना फसवायला नको. आनि कोन त्याच्या आड येत आसंल, त्याला पन बुद्दी दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे म्हणाले. सवयीने म्हणाले, डोळे मिटून म्हणाले. मुख्याध्यापक म्हणाले. विलास तर पालखीच्या खांद्याला होता, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. म्हणून झाल्यावर त्याने डोळे उघडले आणि इकडे तिकडे बघितलं, पण देवासमोर "व्हय" म्हणून झालं होतं. गाऱ्हाण्यातलं बोलणं मागे घ्यायची आपल्याकडे रीत नाही. पुढच्या शनिवारी नववीच्या वेळापत्रकात तुमचा तास आला.

मी तुम्हाला कितीदा विचारलं, "बाई, तात्यांना तुम्ही सांगितलं होतंत ना?" तुम्ही हसायचात. "देवाला विचारा," म्हणायचात. मला खात्री होती की तुम्हीच सांगितलं होतं. ती कल्पना मला आवडलीही नव्हती. संमती ही समजून उमजून द्यायची गोष्ट आहे हे तुम्ही मुलांना शिकवणार, आणि गावाची संमती मात्र अशी डोळे मिटून घेणार? हे मी बोललोही होतो. तुम्ही त्यावर मात्र हसला नव्हता. उत्तरही दिलं नव्हतंत.

तास सुरू व्हायच्या आधीच्या सोमवारी पट्टी वाजली. "सर, आहात का? अडलंय माझं."

तुमची अडचण भाषेची होती. पुस्तकातले शब्द संस्कृत, मुलांना ते रसायनांच्या नावांसारखे वाटतात. गावातले शब्द सगळे शिव्या झालेले. "मधला शब्द कुठे आहे?" तुम्ही विचारलंत. "तुम्ही भाषेचे. मला शब्द द्या." मी म्हटलं, मी या तासाच्या विरुद्ध आहे. तुम्ही म्हणालात, "माहीत आहे. विरोध टेबलावर ठेवा आणि कोश काढा."

मी कोश काढले. तो आठवडा माझ्या नोकरीतल्या चांगल्या आठवड्यांपैकी होता हे मी तुम्हाला सांगितलं नाही. मी एक शब्द सुचवायचो, तुम्ही तो मोठ्याने उच्चारून बघायचात, एखादं मूल घरी आईसमोर तो म्हणू शकेल का ते पारखायचात, आणि बहुतेक नाकारायचात. "हा फार देवघरातला आहे." "हा दवाखान्यातला." शेवटी काही साधे शब्द उरले, आजी नातीला अंघोळ घालताना वापरते तसले. त्यांना शास्त्रीय शब्दांची जोड दिली. शिपाई दोनदा चहा घेऊन आला आणि दोन्ही वेळा दारातूनच कप ठेवून गेला.

दर शनिवारी तो तास व्हायचा आणि मी कपाटांच्या या बाजूला असायचो. इथे एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी ऐकायचो. पुस्तकाचं एकही पान उलटत नसे. तुमचा पहिला शनिवार नावांचा असायचा. "ज्याला नाव नाही त्याची तक्रार करता येत नाही," असं तुम्ही म्हणायचात. मग पाळी, मग मुलांमधले बदल, मग मूल कसं होतं, कसं टाळता येतं, कोणते आजार होतात. मग "नाही" म्हणायचं कसं आणि दुसऱ्याचं "नाही" ऐकायचं कसं. जयगड बंदराकडे जाणारे ट्रक शाळेवरून जायचे, तुम्ही नेमक्या शब्दावर थांबायचात, अख्खा वर्ग तो ट्रक जाईपर्यंत श्वास धरून बसायचा, आणि इकडे मीसुद्धा. ट्रक गेला की तुम्ही वाक्य तिथूनच पुढे न्यायचात. कुणी हसलं तर हसू द्यायचात. "हसून घ्या," म्हणायचात, "मग लिहून घ्या."

एका शनिवारी तुम्ही म्हणालात, "मागच्या बाकापर्यंत ऐकू येतंय ना? कपाटांपलीकडेसुद्धा यायला हवं." मी तेव्हा उठून खिडकीपाशी गेलो. तुम्हाला माहीत होतं का, की सहज म्हणालात, हे मी विचारलं नाही. आता वाटतं, माहीतच असणार. तुमचा आवाज शनिवारी जरा मोठा असायचा.

माझ्यावरचा तुमचा एक टोमणा सगळ्या स्टाफला पाठ होता. मला मधुमेह. मे महिन्यात कुणी पालक कापा फणस आणून द्यायचा, तुम्ही गरे काढून स्टाफरूममध्ये ताट ठेवायचात. मी आधी नाही म्हणायचो, मग एक, मग आणखी दोन. "बघा," तुम्ही म्हणायचात, "संयमाचे सर. दोन मुलांचे बाप, आणि गऱ्यांपुढे ही अवस्था." आणि ताट माझ्यापासून लांब सरकवायचात. माझ्या बायकोला फोन करून सांगायचातसुद्धा.

पण त्याच ताटावर एकदा तुम्ही गंभीर झालात. मी म्हटलं होतं, तुमच्या तासात सगळं आहे, पण मनाबद्दल फार थोडं आहे. एखादं मूल कुणावर जीव लावतं, झुरतं, नाकारलं जातं, याचं काय? तिथे तुमचा शरीराचा तक्ता उपयोगी नाही. तुम्ही गरा तसाच ठेवलात. म्हणालात, "खरं आहे. तो भाग मला जमत नाही. तुम्ही घ्या. शेवटची काही मिनिटं तुमची. तुमचा संयमही तिथेच शिकवा, मी आड येणार नाही."

त्यानंतर दर जूनमध्ये तुम्ही विचारत राहिलात. "यंदा घेताय ना, सर?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. मला मुलींसमोर बोलायचा संकोच होता आणि तुम्हाला तो माहीत होता. तुम्ही कधी दामटलं नाहीत. यंदाच्या जूनमध्येही विचारलंत, आणि यंदाचे शनिवार सुरू व्हायच्या आतच गेलात.

तुम्ही गेल्यावर काही दिवसांनी तात्या शाळेत आले. हल्ली त्यांना चालवत नाही, नातीच्या स्कूटीवरून आले. ही नात, सोनल, आपलीच विद्यार्थिनी, आता रत्नागिरीला नर्सिंग करते. ती बाहेर थांबली. तात्या ग्रंथालयात बसले, कपाटांकडे बघत.

मी न राहवून विचारलं. "तात्या, त्या वर्षी गाऱ्हाण्यात तासाचं घालायला बाईंनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"बायनी? न्हाय ओ." तात्यांनी मान हलवली. "उलट मागनं घरी आल्या आनि माज्यावर चिडल्या. म्हंतात कशा, तात्या, असा देवाला मदी घालून माणसांचा तोंड बंद करायचा नसता. त्यांना पटवून घेवाचा व्हता मला."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मंग तुम्ही का घातलंत?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा तशीच होते.

तात्यांनी बाहेरच्या स्कूटीकडे बोट केलं. "ही तवा आठवीला व्हती. आमच्या घरात एक मानूस येयाचा, नात्यातला. मी नाव घेत न्हाय. पोरीला तेचा वागना बरा वाटत नसं. सुट्टीत बायंकडं बसून बसून हिला बोलायचा कसा ता कळला. एक दिवशी येऊन आजीला सरळ सांगितलान. काय झाला, खंय हात लावलान, सगळा. शब्दानिशी." ते माझ्याकडे वळले. "आमी तेला उंबऱ्याच्या आत पुन्ना घेतला न्हाय. सर, हिच्या आत्याला ह्याच वयात असाच काय झाला आसंल, तर ती काय सांगनार व्हती? तिच्याकडं शब्द कुटं व्हते?"

मग काठी टेकून उठले. "बायना मी ह्या कदी सांगितला न्हाय. पोरीचा इषय. पन तेंना कळला आसंल."

सोनलने त्यांना मागे बसवलं. जाताना ती म्हणाली, "सर, बाईंचा तास कोण घेतंय?"

तुम्ही इतकी वर्षं हसून "देवाला विचारा" म्हणत राहिलात. तात्यांना माझ्यापुढे उघडं पाडायचं नव्हतं, म्हणून माझा आरोप स्वतःवर घेत राहिलात. आणि ज्या गोष्टीवरून मी तुम्हाला बोललो होतो, त्याच गोष्टीवरून तुम्ही तात्यांशी भांडून आला होता. त्या मुद्द्यावर आपलं एकमत होतं, बाई. आपण दोघं एका बाजूला होतो हे मला तुमच्या मागे कळलं.

सोनलचा प्रश्न मात्र तिच्या आधीच संस्थेने विचारला होता. नवीन विज्ञान शिक्षक मिळेपर्यंत शनिवारचा तास बंद ठेवावा, आणि त्याऐवजी वर्षातून एकदा बाहेरून वक्ता बोलावून संयमावर व्याख्यान ठेवावं, असा विचार निघाला. समितीच्या बैठकीला मला मुद्दाम बोलावलं. कारण स्टाफमध्ये संयमाचा माणूस मी. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचंच मत आहे ना, सर? विषयांची आखणी तुम्ही करून द्या."

माझंच मत होतं. कागदावर मांडलेलं असतं तर त्याखाली मी सही केली असती. पण ते असं, तुमची खुर्ची रिकामी असताना, एकटं समोर आलेलं मी पहिल्यांदा बघितलं. वर्षातून एक व्याख्यान. मुलांनी गप्प बसून ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या, घरी जायचं. त्यात सोनलला ज्याच्या आधाराने आजीकडे जाऊन बोलता आलं असतं असं एकही वाक्य मला शोधून सापडेना.

पालकांच्या बाजूने आता विलास असतो. मुंबई सोडून तो परत आलाय, बंदरावर कामाला आहे. तोच आधी बोलला.

"बंद करूया म्हणता, पन त्याचं गाऱ्हानं घातलेलं हाय. देवाला जाऊन कोन सांगनार, की तास बंद केला? मी तर नाय सांगनार. मी पालखीच्या खांद्याला व्हतो."

कुणीच सांगायला तयार होईना. एक जण देवाला कौल लावून बघू म्हणाला. सगळे एकदम हलके झाले, कारण आता निर्णय त्यांना घ्यायचा नव्हता. तास बहुधा तसाच वाचला असता. मला काही बोलायची गरज नव्हती.

पण तुम्ही तात्यांवर चिडला होता ते मला नुकतंच कळलं होतं. म्हणून मी उभा राहिलो. बैठकीत मी कधी बोलत नाही, त्यामुळे सगळे थांबले.

मी म्हटलं, देवाला भिऊन तास ठेवू नका, पटला तर ठेवा. मी संयमाच्या बाजूचा आहे आणि राहणार आहे. पण संयम ही निवड असते, आणि ज्याला काही ठाऊकच नाही तो निवडणार काय? तो फक्त घाबरून राहील, आणि घाबरलेलं मूल कुणाकडे जाऊन सांगत नाही. मी हा तास इतकी वर्षं कपाटांपलीकडून ऐकला आहे. त्यात आईसमोर म्हणता येणार नाही असा एक शब्द नाही, कारण ते शब्द आम्ही दोघांनी निवडले होते. शिक्षक मिळेपर्यंत मी घेतो. मिळाल्यावर त्यांच्याबरोबर घेईन.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "तुम्ही? मुलींसमोर?"

"मुला-मुलींसमोर. एकत्र."

विलास हसला. "सर, तुमचा चेहरा आत्ताच लाल झालाय." मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "माजी पोरगी बसली व्हती त्या तासाला. मी मुंबईला, तिची आई काय बोलायची नाय. सगळं बाईंनीच सांगितलंन. काय बिगडली नाय ती. मला फोनवर उलट विचारायची, बाबा, रक्ताची तपासनी केलीत का." त्याने बाकीच्यांकडे बघितलं. "देवाचं ऱ्हाऊ दे. माझ्याकडनं व्हय लिवा."

या वेळी एकेकाला विचारलं. एक सदस्य शेवटपर्यंत नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि नोंदवलं. तुम्हाला ते आवडलं असतं. उरलेल्यांनी होकार दिला, डोळे उघडे ठेवून.

पहिल्या शनिवारी मी कपाटांना वळसा घालून तुमच्या बाजूला आलो. तुमच्या मुलांनी मला सांभाळून घेतलं. मी पहिला शब्द फळ्यावर लिहिला आणि बोलताना अडखळलो, तेव्हा मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "सर, हसून घ्या, मग लिहून घ्या." वर्ग हसला. मीही हसलो. मोठ्या भावंडांकडून ऐकलं असणार. मग आम्ही नावं लिहून घेतली.

मनाचा भागही मी सुरू केला आहे. परवा एका मुलीने उभं राहून विचारलं, "सर, कुणी आवडणं वाईट असतं का?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तुमच्या तक्त्यात याचं उत्तर नव्हतं. माझ्या संयमाकडेही तयार नव्हतं. मी म्हटलं, "नाही. वाईट नसतं." ती खाली बसली. मग आवडल्यावर घाई का करू नये, थांबण्यात काय मिळतं, समोरच्याला आपण आवडत नसलो तर काय करायचं, यावर आम्ही घंटा होईपर्यंत बोललो. मी फार बोललो असेन. तुम्ही मला टोकलं असतंत. मुलांनी टोकलं. एका मुलाने तर सांगितलं की माझं थांबण्याबद्दलचं म्हणणं त्याला पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही ते नीट, शांतपणे मांडलं. मी उत्तर पुढच्या वेळी देतो म्हणालो.

सोनल महिन्यातून एकदा येते, मुलींना जे माझ्याकडून ऐकायला संकोच वाटेल ते ती सांगते. विज्ञानाचे शिक्षक अजून मिळालेले नाहीत. तास नववीच्या वेळापत्रकात आहे. मी तो घेतो, आणि मुलं प्रश्न विचारतात.